अवघड जागेचं दुखणं

आपल्या मराठीत एक म्हण आहे : 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर.' वर्गात म्हणी शिकवायला घेतल्या की एखादा वात्रट मुलगा हटकून ही म्हण सांगायचा, आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. म्हण आहेच तशी गमतीची. पण गंमत बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिलं तर वाटतं, ज्या कुणी ही म्हण केली त्याला माणसाचा स्वभाव पुरता कळला होता. दुखणं आहे, डॉक्टर घरातच आहे, औषधही मिळू शकतं, आणि तरी माणूस तोंड उघडत नाही! कारण दुखण्यापेक्षा लाज मोठी.

हे अवघड जागेचं दुखणं म्हणजे बहुतेक वेळा मूळव्याध. आज त्याच विषयावर लिहिणार आहे. काही वाचक नाक मुरडतील, 'बाईंना या वयात हा काय विषय सुचला' असंही म्हणतील. म्हणोत बापडे. सत्तरी ओलांडल्यावर माणसाला थोडं स्पष्ट बोलायची मुभा मिळते, असं मी मानते. शिवाय हा विषय मला आज अचानक सुचलेला नाही. गेली कित्येक वर्षं तो माझ्या आजूबाजूला, लुगड्याच्या पदराआड आणि धोतराच्या सोग्याआड, गुपचूप वावरतो आहे.

मी राहते मार्गासनीला. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. राजगडाला जाणारी मंडळी इथूनच साखर, गुंजवण्याकडे वळतात. अशा लहान गावाचं जे सुख तेच दुःख : सगळे सगळ्यांना ओळखतात. दवाखान्यात जावं तर केसपेपर काढणारा आपल्या भावकीतला, नर्सबाई सुनेची मैत्रीण, आणि बाकावर शेजारी बसलेली बाई आपल्याच आळीतली. तिनं 'काय होतंय हो तुम्हाला?' असं विचारलं तर सांगायचं काय? ताप सांगता येतो, गुडघे सांगता येतात, साखर आणि बीपी तर हल्ली लोक थोड्या अभिमानानंच सांगतात. पण 'परसाकडला बसलं की रक्त पडतं' हे कसं सांगणार?

मग माणूस काय करतो? तो एसटीत बसतो आणि जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी उतरतो. तिथं पत्र्याच्या एका गाळ्यावर बोर्ड असतो : 'मूळव्याध, भगंदर, फिशर. विनाऑपरेशन, एका दिवसात, गॅरंटीने.' असे बोर्ड तुम्ही पाहिलेच असतील. एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, महामार्गाच्या कडेला, महाराष्ट्रात कुठंही जा, ते असतातच. आत बसलेला गृहस्थ कोण, कुठला, काय शिकला, हे कुणी विचारत नाही. विचारणार तरी कसं? ज्यानं आपलं नाव विचारू नये म्हणून इतक्या लांब आलो, त्याला त्याचं नाव कोणत्या तोंडानं विचारायचं!

माझं म्हणणं एवढंच आहे की या बोगस दवाखान्यांचं भांडवल औषधात नाही, आपल्या लाजेत आहे. लाज संपली तर त्यांचं दुकान उद्या बंद पडेल. आणि लाज संपायची असेल तर मुळात हे दुखणं आहे तरी काय, हे साध्या शब्दांत माहीत हवं. मी काही डॉक्टर नाही. पण शिक्षकाला जे जमतं तेवढं करते : जाणत्यांकडून समजून घेतलेलं सोपं करून सांगते.

पहिली गोष्ट. मूळव्याध म्हणजे बाहेरून आलेलं काही नव्हे, पाप नव्हे, उष्णता 'अंगात शिरणं' नव्हे. गुदद्वाराच्या आत प्रत्येकाला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. साधारण तीन ठिकाणी. लहान मुलालाही असतात, राजालाही असतात. दार नीट बंद राहावं, वारा आणि मळ यांवर ताबा राहावा, म्हणून त्यांची योजना आहे. वर्षानुवर्षं कुंथून, मलावरोधामुळे किंवा गरोदरपणातल्या दाबामुळे या गाद्या फुगतात, सैल होतात आणि खाली घसरतात. त्याला आपण मूळव्याध म्हणतो.

आपल्याकडे पूर्वीपासून 'रक्ती मूळव्याध' आणि 'मोडाची मूळव्याध' असे दोन शब्द आहेत. डॉक्टर त्याचीच विभागणी थोडी वेगळी करतात. एक आतली आणि एक बाहेरची. आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. शौचाच्या वेळी लालभडक रक्त थेंब थेंब पडतं, कधी पिचकारीसारखं उडतं, पण वेदना नसते. तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत नुसतं रक्त. दुसरीत कोंब कुंथताना बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटानं आत ढकलावा लागतो. चौथीत तो आत जातच नाही.

बाहेरची मूळव्याध असते ती कडेच्या कातडीखाली. एरवी ती नुसती खाजते, ओलसर वाटते. पण एखाद्या दिवशी तिच्यात रक्त गोठतं आणि तासाभरात जांभळाएवढी, जांभळाच्याच रंगाची, टणक गाठ वर येते. मग बसवत नाही, चालवत नाही, खोकला आला तरी डोळ्यांत पाणी येतं. खरी कळ मारणारी मूळव्याध ती ही. पहिले दोनतीन दिवस सर्वांत वाईट असतात, नंतर वेदना हळूहळू ओसरते आणि गाठ काही आठवड्यांत जिरते. पण या पहिल्या तीन दिवसांतच, म्हणजे ७२ तासांच्या आत, सर्जनकडे पोचलं तर तेवढीच जागा बधिर करून गाठ काढता येते आणि लगेच आराम पडतो. 'दोन दिवस बघू' म्हणत घरात पालथं पडून राहिलं की नेमकी हीच वेळ निघून जाते.

दुसरी गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. तिथलं प्रत्येक दुखणं मूळव्याध नसतं. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखं दुखलं, आणि नंतरही तासन् तास आग होत राहिली, तर ती बहुधा चीर असते, ज्याला फिशर म्हणतात. शेजारी लहानसं तोंड पडून त्यातून पू येत असेल, कपडे खराब होत असतील, तर ते भगंदर. ताप आणि ठणका असेल, सूज वाढत असेल, तर आत पू धरलेला असू शकतो, आणि त्याला त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. या सगळ्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. आपण मात्र सगळ्यांना एकच नाव देतो आणि शेजारणीनं लावलेलं मलम आपणही लावतो.

याहून धोक्याची गोष्ट अशी की आतड्याच्या शेवटच्या भागात कर्करोग झाला तरीही रक्तच पडतं. माझ्या एक सहकारी शिक्षिका होत्या. स्वच्छ अक्षराच्या, शिस्तीच्या, मुलं त्यांना वचकून असायची. त्यांना रक्त पडायचं. घरात आईलाही मूळव्याध होती, तेव्हा आपल्यालाही तीच, असं त्यांनी ठरवून टाकलं. दीड-दोन वर्षं चूर्ण, ताक आणि पथ्य यांवर काढली. वजन उतरलं तेव्हा 'शाळेची दगदग' म्हणाल्या. दम लागायला लागला तेव्हा 'वय झालं' म्हणाल्या. शेवटी भाचीनं जबरदस्तीनं पुण्याला नेलं. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं तेव्हा दोन मिनिटांत संशय आला. दोन मिनिटं! ज्या दोन मिनिटांची लाज वाटली म्हणून दोन वर्षं गेली. बाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. त्यांच्या स्वभावाला मी दोष देत नाही. त्यांना जसं वाढवलं तशा त्या वागल्या. आपण सगळ्याच तशा वाढलो.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. वय ४५ च्या पुढे असून पहिल्यांदाच रक्त दिसलं; रक्त काळपट आहे किंवा मळात मिसळलेलं आहे; शौचाची सवय अचानक बदलली, कधी बद्धकोष्ठ तर कधी पातळ; पोट साफ झालंच नाही असं सतत वाटतं; वजन घटतंय, भूक मंदावली, फिकटपणा आला; घराण्यात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता. यांतलं काहीही असेल तर 'मूळव्याधच असेल' म्हणून बसू नका, तपासून घ्या. डांबरासारखा काळा मळ हीसुद्धा वरच्या भागातल्या रक्तस्रावाची खूण असते. (लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, तेव्हा तुम्ही त्या घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा.) आणि साधी मूळव्याध असली तरी महिनोन् महिने रक्त जात राहिलं तर अंगातलं रक्त कमी होतं. आपल्या बायकांच्या अंगात ते आधीच कमी असतं, हे वेगळं सांगायला नको.

आता उपायांकडे येऊ. मूळव्याध म्हटलं की ऑपरेशन, या भीतीनंही पुष्कळ लोक डॉक्टरकडे जात नाहीत. खरं तर बहुतेकांचं काम ऑपरेशनशिवाय भागतं.

दुखणं उसळलं असेल तेव्हा घरी करायचा सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे. पसरट टबात किंवा स्वच्छ घमेल्यात सोसेल इतपत कोमट पाणी घ्यावं आणि दिवसातून दोनतीनदा, विशेषतः शौचानंतर, दहा-पंधरा मिनिटं त्यात बसावं. पाण्यात काही घालायची गरज नाही. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मला हा त्रास झाला होता. सासूबाई शाळेची पायरी न चढलेल्या, पण माझ्या चालण्यावरूनच त्यांनी ओळखलं. काही न बोलता चुलीवर पाणी ठेवलं, घमेलं मोरीत आणून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना घरी बोलावून म्हणाल्या, 'हिला बघा जरा, लाजेल ती, तुम्ही लाजू नका.' पंधरा दिवसांत मी बरी झाले. लाज बाजूला ठेवण्याचं काम त्या घरात एका माणसानं केलं आणि पुरलं.

कोमट पाण्याखेरीज फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावता येतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते, पण रक्त पडत असेल तर इतर वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं बंदही करू नयेत, डॉक्टरांना सांगावं. बधिर करणारी किंवा स्टेरॉइड असलेली मलमं फार तर आठवडाभर. महिनोन् महिने चोळत राहिलं तर कातडी पातळ होते. इसबगोल चांगलं, पण ते पेलाभर पाण्यातून घ्यावं आणि वर आणखी पाणी प्यावं. कोरडंच घशाखाली ढकललं तर उलट अडकतं. रोज जालीम जुलाब घेण्याची सवय मात्र नको.

एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांकडे पुढचे उपाय आहेत. आतल्या कोंबाच्या मुळाशी बारीक रबराचं कडं बसवतात. त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो काही दिवसांत गळून पडतो. १९६३ मध्ये बॅरन नावाच्या अमेरिकन सर्जननं हे साधन सुधारलं, तेव्हापासून जगभर ते वापरात आहे. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येतं. दुसरा मार्ग कोंब आकसणाऱ्या इंजेक्शनचा. कोंब फारच मोठे असतील, चौथ्या पायरीचे असतील, तर शस्त्रक्रिया. लंडनच्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलेली पद्धत आजही केली जाते. शिवाय स्टेपलर आणि लेझर आहेत. लेझर शब्दाला भुलून जाऊ नये, आणि घाबरूनही जाऊ नये. कुणाला काय लागेल हे तपासल्यावर ठरतं, जाहिरातीवरून नाही.

आपल्या जुन्या शास्त्रालाही हा आजार नवा नव्हता. चरकसंहितेत अर्शावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात ताकाची मोठी महती सांगितली आहे. सुश्रुतानं औषध, क्षार, अग्निकर्म आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले. सुरणाचं संस्कृत नाव तर 'अर्शोघ्न', म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा! भगंदरावरच्या क्षारसूत्राची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं रीतसर चाचणी घेतली आणि १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेनं आयुर्वेदाच्या शल्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना ठरावीक शस्त्रक्रिया करण्याची मुभा दिली, त्यांत मूळव्याधही आहे. त्यावरून डॉक्टरमंडळींत वाद झाला, त्यात मी पडत नाही. मला इतकंच म्हणायचं आहे की ॲलोपॅथी असो वा आयुर्वेद, समोरच्या माणसानं शिकून पदवी घेतलेली असावी आणि त्याची नोंदणी झालेली असावी.

पत्र्याच्या गाळ्यातल्या माणसाजवळ यांतलं काहीच नसतं. तो कसलंसं इंजेक्शन टोचतो, काहीतरी जाळणारं औषध लावतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांवर असा प्रयोग झाला. कोंब गेला, पण जखमेत पू झाला, आणि बरं होताना मार्गच आक्रसला. पुढं वर्षभर त्यांना पुण्याला खेपा घालाव्या लागल्या, आणि एक म्हैस विकावी लागली. तक्रार करा म्हटलं तर म्हणाले, 'बाई, चौकीत काय सांगू? कुठं दुखतंय म्हणून सांगू?' महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यकीय व्यवसायी अधिनियम आहे. नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. पण तक्रार करायला कुणीतरी पुढं यायला लागतं, आणि इथं फिर्यादीचीच जीभ लुळी पडते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हा.

आता दुखणं होऊच नये म्हणून काय करायचं? पहिलं उत्तर आपल्या ताटात आहे. आमचा वेल्हे-भोरचा भाग भाताचा. इंद्रायणीचा वास घरभर दरवळला की दुसरं काही नको वाटतं. पण पूर्वी उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई व्हायची, आणि दिवसातून एकदा तरी भाकरी असायची. आता भाकरी मागं पडली आणि पांढराशुभ्र तांदूळ, पाव, बिस्किटं, वड्या-भज्या पुढं आल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, ३ ग्रॅमसुद्धा भरत नाही. मैद्याचंही तेच. नाचणीत तो ११ ग्रॅमच्या वर आहे, ज्वारीत १० च्या वर, बाजरी आणि गव्हाच्या कणकेत सुमारे साडेअकरा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. नुसत्या भात-आमटीवर तो कसा भरून निघणार? तेव्हा भाकरी, उसळी, पालेभाज्या, सालासकट खाता येतील ती फळं. मात्र एकदम नको, हळूहळू वाढवा, नाहीतर पोटात वारा धरतो. आणि त्याबरोबर पाणी हवं. (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून.) तिखटानं मूळव्याध होत नाही, झालेली असली तर झोंबतं मात्र.

दुसरं, कळ आली की जावं आणि काम झालं की उठावं. कुंथत बसू नये. हल्ली तर मोबाइल घेऊन आत जाण्याची पद्धत झाली आहे. बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आतड्याच्या तपासणीसाठी आलेल्या १२५ जणांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. संडासात फोन वापरणाऱ्यांत मूळव्याध असण्याची शक्यता इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त दिसली. अभ्यास लहान आहे, पण कारण समजण्यासारखं आहे : कमोडवर आधाराशिवाय बराच वेळ बसलं की त्या गाद्यांवर दाब येत राहतो. नातवंडांना हे जरूर सांगा. आमच्यासारख्या गुडघे गेलेल्यांना कमोडच लागतो. त्यांनी पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल घ्यावं, गुडघे थोडे वर येतात आणि जोर कमी लागतो.

तिसरं कारण सांगताना मात्र मला राग आवरत नाही. 'कळ आली की जावं' हे पुरुषांना सांगायला ठीक आहे. बायकांनी जावं कुठं? आमच्या पिढीत परसाकडला जायचं ते उजाडायच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर. दिवसभर कळ दाबायची. कळ येऊ नये म्हणून पाणी कमी प्यायचं, रात्री पोटभर जेवायचं नाही. अशी तीसचाळीस वर्षं काढलेल्या बाईला मूळव्याध झाली तर तो तिच्या नशिबाचा खेळ कसा?

यातून वाट काढणारी माणसंही आपल्याच जिल्ह्यात झाली. डॉ. एस. व्ही. मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. नुसती औषधं देऊन उपयोग नाही, गावाला संडास हवेत, हे त्यांनी ओळखलं आणि पुढची कितीतरी दशकं त्यासाठी घालवली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. राज्यात २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आलं. घरोघरी संडास झाले, हे मोठं काम झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण घराबाहेर पडलेल्या बाईचं काय? भात लावणीला दिवसभर चिखलात वाकलेली मजूर, बाजारात भाजी घेऊन बसलेली म्हातारी, एसटीची कंडक्टर, नळाला पाणी नसलेल्या शाळेतली मुलगी. मुली मधल्या सुट्टीत पाणी प्यायच्या टाळतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. स्वच्छतागृह 'आहे' हा कागदावरचा शब्द. त्याला कडी आहे का आणि आत पाणी आहे का, हे विचारायला हवं.

तेव्हा मूळव्याध टाळायची असेल तर एक काम ताटात, एक सवयीत आणि एक पंचायतीत करायचं आहे. पण या सगळ्याच्या आधी तोंड उघडायचं काम आहे. १९८० साली अमेरिकेत बेसबॉलची मोठी स्पर्धा चालू असताना जॉर्ज ब्रेट नावाच्या गाजलेल्या खेळाडूला याच दुखण्यानं सामना अर्धवट सोडावा लागला. सगळ्या देशाला ते कळलं. त्यानं उपचार करून घेतले, परत येऊन खेळला, आणि स्वतःच त्यावर विनोद केला. त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. आपल्याकडे एखाद्या नामवंतानं असं सांगितलेलं तुम्हाला आठवतं का? मला तरी नाही.

शाळेत आपण हृदयाची आकृती काढून घेतो, डोळ्याची काढून घेतो. पचनसंस्थेच्या धड्यात अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं असं शिकवत येतो आणि शेवटचा शब्द घाईघाईनं उच्चारून पान उलटतो. मुलं हसतात, म्हणून. मला वाटतं, हसू द्यावं. हसून झालं की शांतपणे सांगावं की हा अवयवही इतरांसारखाच आहे, तो दुखला तर आईला सांगायचं, रक्त दिसलं तर लपवायचं नाही. एवढी चार वाक्यं आठवीत कानावर पडली तर चाळिशीत माणूस बोर्ड शोधत हिंडणार नाही.

ज्यांना अजूनही धीर होत नाही त्यांच्यासाठी सांगते. दवाखान्यात बाकावरच्या शेजारणीला 'पोटाची तक्रार आहे' इतकंच सांगा, ते खोटं नाही. आत गेल्यावर डॉक्टरांना तीन वाक्यं सांगा : 'शौचाच्या जागी त्रास आहे. इतक्या दिवसांपासून आहे. रक्त पडतं किंवा पडत नाही.' पुढचं ते विचारतील. तपासताना कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, बोटानं आणि लागलं तर छोट्या नळीनं पाहतात. काही मिनिटांचं काम. बाईनं बरोबर बाई हवी म्हणून सांगावं, तो तिचा हक्क आहे. भोरला आणि वेल्ह्याला सरकारी रुग्णालय आहे, आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पैसा नाही म्हणून गाळ्यात जायचं कारण उरलेलं नाही. तुमच्यासारखे किती जण डॉक्टर रोज पाहतात हे त्यांना विचारा, म्हणजे आपण काही जगावेगळे नाही हे कळेल.

आणि जावई खरंच डॉक्टर असेल तर? त्यानंच तपासावं असा माझा आग्रह नाही, सासऱ्याची अडचण मी समजू शकते! पण 'जावईबापू, या दुखण्यासाठी चांगला सर्जन कोण?' एवढं तर फोनवर विचारता येईल ना? ते मात्र विचारा. आजच विचारा.